ज्याची ठेव त्याला

प्रिय खडू,

शाळेच्या मधल्या सुट्टीत आपण दोघी जिन्याखाली बसून एकच उकडलेलं अंडं वाटून खायचो, ते आज सकाळी चहा पिताना आठवलं. तुला पिवळं हवं असायचं, मला पांढरं, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता. मीठ-मिरपूड तू रुमालाच्या गाठीत बांधून आणायचीस आणि नंतर त्याच रुमालाने नाक पुसून तासभर शिंकत बसायचीस. जिन्यावर मदरच्या बुटांचा आवाज आला की आपला श्वास बंद. एकदा तू घास गालातच धरून वर्गात आलीस, आणि सिस्टर म्हणाल्या, ‘आज पुन्हा खडू खाल्लास?’ झालं, तुझं बारसं तिथेच झालं, आणि बदल्यात तू मला मास्तरीण म्हणू लागलीस. खडू तू खातही होतीस, आता नातवंडांसमोर नाकबूल करू नकोस. त्या जिन्याखाली आपल्या आधी येऊन बसणारी एक मुलगी होती, आठवते? भिंतीकडे तोंड करून बसायची. आपण तिला अंड्याचा तुकडा पुढे करायचो, ती नको म्हणून मान हलवायची. मग एक दिवस ती शाळेत यायचीच बंद झाली. का, ते आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हेही आपल्याला ठाऊक नव्हतं.

गुडघा कसा आहे? तुझी लेक फोनवर म्हणाली की तू काठी घरात ठेवून बाहेर पडतेस. काठी फिरायला न्यायची असते ग बाई, घराची राखण करायला नसते. आमचे हे बरे आहेत. निवृत्त माणसाला सुचतात तसले उद्योग चालू असतात. सध्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात, मोठ्या ठळक अक्षरांत, साखर, मीठ, चहा. मी म्हटलं, ‘दुकान काढायचंय का?’ तर म्हणाले, ‘मला चष्म्याशिवाय दिसत नाही, माझ्या सोयीसाठी लावल्यात.’ मी बरं म्हटलं.

आता मुख्य बातमी. मुलांच्या केंद्राचा निधी मंजूर झाला! खरंच झाला. अर्ज लिहून लिहून आपल्या दोघींची बोटं झिजली, त्या साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर आपण इतक्या वेळा बसलो की शिपाई आपल्याला घरच्या समजून पाणी आणून द्यायचा, आणि मंजुरी आली ती तू नोकरी सोडून लेकीकडे राहायला गेल्यावर. याला म्हणतात वरातीमागून घोडं. पण घोडं आलं हे काय कमी आहे? कागद हातात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि सवयीने दाराबाहेरच्या तुझ्या टेबलाकडे वळून म्हणाले, ‘अग, ऐकलंस का?’ टेबलावर कुणीच नव्हतं.

आरोग्य केंद्राच्या पुढच्या बाजूला, थेट मोठ्या रस्त्यावर, नवी इमारत झाली आहे. मुलांसाठी वेगळ्या खोल्या आहेत, तीन समुपदेशक मुली आल्यात, एक मुलांचे मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणार आहेत, आणि एक गाडी शाळाशाळांत जाणार आहे. नंबर लावायला आलेल्यांना आपण काय सांगायचो आठव. ‘पुढच्या हिवाळ्यात या.’ एका आईने तुला विचारलं होतं, ‘बाई, रडणं पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबवून ठेवायचं कसं, तेवढं तरी सांगा.’ तू आत येऊन दार लावलंस. आता म्हणे, ‘पुढच्या आठवड्यात या.’ मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. नव्या टेबलावरची मुलगी हे इतक्या सहज म्हणाली, जसं काही असंच असतं. तिला कुठे माहीत की या वाक्यासाठी आपले केस पांढरे झालेत. तिला ते माहीत नसणं हेच मला फार आवडलं.

आणि पाटी! पाटीवर चक्क लिहिलंय, ‘मुलांचे मानसिक आरोग्य केंद्र’. लांबून वाचता येईल अशी अक्षरं. तुला ती आपली डोळे तपासायच्या अक्षरांची पाटी आठवत असेल. ती आपल्या खोलीच्या मागच्या दारावर टांगायची युक्ती तुझीच. शेजारणींनी विचारलं तर आयांना सांगता यावं, पोराचे डोळे दाखवायला नेलं होतं. मग काय, खरोखरच डोळे तपासायला माणसं येऊ लागली. त्या म्हाताऱ्या शिंप्याला तू तीन ओळी वाचायला लावल्यास आणि वर सांगितलंस, ‘आजोबा, सुईत दोरा नातीकडून ओवून घेत जा.’ तो बिचारा आशीर्वाद देऊन गेला. आणि तपासणीला आलेले ते साहेब म्हणाले, ‘या भागातल्या मुलांची नजर फारच अधू दिसते.’ तू म्हणालीस, ‘मुलांची नाही साहेब, मोठ्यांची.’ मी आत टेबलाखाली वाकून हसत होते. आता मी त्या नव्या पाटीसमोर परवा उभी राहिले होते. एक आई मुलाचा हात धरून आली, पाटी वाचली, पदर सावरला आणि पुढच्या दाराने आत गेली. मागच्या दाराने नव्हे. खडू, मला तेवढंच बघायचं होतं.

नव्या खोल्यांतल्या खुर्च्यांना चाकं आहेत. मोठ्यांनी टेकून बसावं म्हणून आणल्यात, पण पहिल्याच दिवशी मुलांनी त्यांच्या गाड्या केल्या. एक मुलगा शर्यत लावून थेट डॉक्टरांच्या पायावर गेला.

प्रश्न एकच आहे, आपल्या कपाटाचा. मागची खोली औषधांच्या साठ्याला देणार आहेत. महिनाअखेर ती रिकामी करून द्यायची आहे. जुनं सामान नव्या इमारतीत न्यायचं नाही, असा नियम आहे, आणि नियम चुकीचा नाही, त्या कपाटात वाळवी आहे. कपाटाचं मला काही वाटत नाही. पण त्याच्या खणांमध्ये अजून मुलांच्या ठेवी आहेत. प्रत्येक ठेव ज्याची त्याच्या हातात पडली पाहिजे. इतक्या वर्षांच्या कामातलं माझं तेवढंच उरलंय, आणि तेच मला सतावतंय.

तू बाहेर बसायचीस, मुलं आत यायची, म्हणून हे तुला अर्धंच ठाऊक असेल. बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून आपण ते कपाट आणलं, तेव्हा त्याचे लहान लहान खण कशाला वापरायचे ते मला कळेना. मग एका मुलीने जाताना खिशातली गोटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, ‘ही तुमच्याकडे राहू दे, म्हणजे मला परत यावं लागेल.’ तिथून ती पद्धत पडली. पहिल्या भेटीला मुलाने घरून आपली एक वस्तू आणायची आणि माझ्याकडे ठेवायची. काय आणायचं ते त्याने ठरवायचं. का आणलं ते मी विचारायचं नाही. मूल गेल्यावर मी ती एका खणात ठेवायची, कुठल्या ते फक्त मला माहीत. शेवटच्या भेटीला मी ती काढून त्याच्या हातात द्यायची. मधे केव्हाही मुलं विचारायची, ‘मावशी, माझं आहे ना?’ मी म्हणायची, ‘माझ्या लक्षात आहे.’ बस, एवढंच. खणावर नाव नाही, कागदावर नोंद नाही. लिहून ठेवलेलं कागदाच्या लक्षात राहतं, आणि या मुलांबद्दल कागद आधीच फार झालेले असतात, शाळेचे, डॉक्टरांचे, कोर्टाचे. त्यांना एक माणूस हवं असायचं, ज्याच्या लक्षात ती आहेत. घरी सगळे कामात, भांडणात, नाहीतर आजारपणात. इथे एक बाई आहे, तिला शंभर मुलं येतात, आणि तरी तिला माझी वस्तू कुठली ते ठाऊक आहे. मला वाटतं, माझ्या बोलण्याने जितकी मुलं बरी झाली नसतील तितकी या एका वाक्याने झाली.

नवी आलेली समुपदेशक, माझ्या जागी बसणारी, फार गोड पोरगी आहे. मुलांशी बोलताना जमिनीवर बसते, उठताना कुणाचा आधार घेत नाही, याचाच मला हेवा वाटतो. कपाट बघून ती म्हणाली, ‘मॅडम, आपण एकेक वस्तूचा फोटो काढून नावासकट कॉम्प्युटरवर ठेवू या का?’ मी जरा तुटकपणे नाही म्हटलं. तिने वाद घातला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी गरम चहा आणून ठेवला. पुढच्या मुलांसाठी तिला हवी ती पद्धत तिने करावी, तीन खोल्या आणि एवढी मुलं म्हटल्यावर एका डोक्यात मावणारही नाही. आणि मावू नये. एकाच बाईच्या डोक्यावर अवलंबून असलेलं काम हे कामच नव्हे, असं मी साहेबांना अर्जात लिहिलं होतं. पण या जुन्या मुलांना मी कुठेच न लिहिण्याचा शब्द दिलाय.

आता टोपीवाल्याचं सांगते. तुला तो चांगला आठवेल, कानांपर्यंत टोपी ओढून यायचा आणि तू दरवेळी म्हणायचीस, ‘टोपीच्या आत कुणी आहे का?’ पहिले कितीतरी महिने उत्तर आलं नाही. मग एक दिवस आतून आवाज आला, ‘नाही.’ आणि तू इतकी हसलीस की तोही हसला. आता छान आहे. शाळेत जातो, रात्री झोपतो, टोपी हातात धरतो. त्याची शेवटची भेट होती. आई बाहेर बसलेली, हा माझ्यासमोर ताठ उभा, बक्षीस घ्यायला उभं राहावं तसा. मी कपाटाकडे गेले, खण उघडला, वस्तू काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. बुद्धिबळातला काळा घोडा. तो घोड्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, ‘काय रे?’ तो अगदी हळू म्हणाला, ‘मावशी, हा माझा नाही.’ मग माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं त्याला देव जाणे. त्याने चटकन मूठ मिटली आणि म्हणाला, ‘पण चालेल. तुम्हाला आठवेपर्यंत मी सांभाळतो. मी हरवत नाही वस्तू.’ आणि जाताना माझ्या हातावर थोपटून गेला, खडू. ज्या मुलाला कुणाचा स्पर्श सहन होत नव्हता, त्याने मला थोपटलं. मी बरी केलेली मुलं मलाच धीर द्यायला लागली, म्हणजे माझं काम झालं असं समजायचं.

तो गेल्यावर मी एकेक खण उघडून बसले. तुला वाटेल मी रडले असेन. नाही. सिस्टर सांगायच्या ना, शाई सांडली तर आधी वही उचला, मग रडा. मी वस्तू समोर ठेवल्या आणि प्रत्येकीचा मालक आठवत बसले. बहुतेक आले. काही पटकन, काही उशिरा, झोपलेल्या माणसाने दार उघडायला यावं तसे.

अग हो, नव्या इमारतीतल्या खुर्च्यांचं सांगायचं राहिलंच. त्यांना चाकं आहेत! पहिल्याच दिवशी मुलांनी त्यांच्या आगगाड्या केल्या आणि एकजण थेट डॉक्टरांच्या पायावर जाऊन आदळला.

आत्ता वरचं वाचून पाहिलं, तर हे मी तुला आधीच सांगून झालंय. शाळेत असते तर पान फाडून पुन्हा लिहिलं असतं. पण राहू दे तसंच. तुला समजावं म्हणून मी जे सांगायला शब्द शोधत होते, ते तेच बरं सांगतंय. डब्यांवरच्या चिठ्ठ्या यांच्या चष्म्यासाठी नाहीत ग. गेल्या महिन्यात मी चहात मीठ घातलं होतं, दोनदा. हे दोन्ही वेळा मुकाट प्यायले. मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. त्यांच्या टेबलावर काय काय होतं ते मला सगळं सांगता आलं, शब्द तेवढे आले नाहीत. ते म्हणाले, विसरण्याची सुरुवात आहे, सावकाश वाढत जाईल. मी म्हटलं, सावकाश म्हणजे किती, तर त्यांनी चष्मा पुसला. आपणही आयांसमोर असाच चष्मा पुसायचो. घाबरू नकोस. मी घाबरलेली नाही, निदान सकाळच्या वेळी तरी नाही. आज दिवस चांगला आहे, डोकं स्वच्छ आहे, म्हणून आजच लिहून टाकतेय. मुलांना दिलेला न लिहिण्याचा शब्द मोडतेय, पण तुला लिहिणं म्हणजे नोंद करणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलंय. नव्या पोरीला हे सांगून उपयोग नाही, तिला ही मुलं नावांनी माहीत आहेत, चालण्यावरून आणि खांद्यांवरून ओळखणारी तूच. मला वस्तू ठाऊक, तुला चेहरे. तेव्हा काठी घे, लेकीची परवानगी घे, आणि महिनाअखेरच्या आठवड्यात आमच्याकडे राहायला ये. मुलांना निरोप गेलेत, ती येतील. तू माझ्या शेजारी बस आणि वाटप कर. आणि हे नीट ऐक, त्या दिवशी मी काही वेगळं सांगितलं, कितीही ठामपणे सांगितलं, तरी माझं ऐकू नकोस. या पत्राचं ऐक.

सायकलची घंटी टोपीवाल्याची. त्याच्याकडचा काळा घोडा तो आपणहून परत देईल, मागू नकोस. तो घोडा पाववाल्याच्या थोरलीचा आहे, तिला तो देताना घरातल्या पटाबद्दल काही विचारायचं नाही. मिठाच्या पुडीएवढ्या पुठ्ठ्याच्या डबीत दात आहे, तो कुजबुजून बोलणाऱ्या मुलीचा, डबी न उघडता दे. टीव्हीचा रिमोट गवंड्याच्या धाकट्याचा. त्याच्या घरी तो अजून शोधताहेत, तेव्हा कागदात गुंडाळून दे आणि त्याच्या आईशी बोलताना हसू नकोस, तुला जमणार नाही पण प्रयत्न कर. शर्टाचं पांढरं बटण पोस्टमनच्या नातवाचं, त्याच्या वडलांच्या शर्टाचं आहे. ते टेबलावर ठेवायचं नाही, त्याच्या तळहातावर ठेवून वर तुझा हात थोडा वेळ राहू दे. वेणीची लाल फीत उंच मुलीची. ती शेवटच्या भेटीला आलीच नव्हती, या वेळीही कदाचित येणार नाही, तर नव्या पोरीच्या ताब्यात दे आणि सांग की ही फेकायची नाही, कितीही वर्षं झाली तरी. राहिला एक निळा लोकरीचा हातमोजा, डाव्या हाताचा, अंगठ्याशी रफू केलेला. कुणाचा, ते मला आठवत नाही. खूप बसले त्याच्याजवळ, नाही आठवलं. तो कुणापुढे धरून ‘तुझा का?’ असं विचारू नकोस, आपल्याला बरं वाटावं म्हणून मुलं हो म्हणतात. नव्या इमारतीत, यायच्या-जायच्या वाटेवर, खिडकीत ठेव. ज्याचा असेल तो ओळखेल, त्याला देऊन टाक. आणि त्याने विचारलंच, की मावशीच्या लक्षात होतं का, तर हो म्हण.

वाट बघतेय.

तुझीच,
मास्तरीण